हिवाळ्यात बोटीवर ऊब हवी? मग झडप बोटभर उघडी ठेवा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलेंटच्या सामुद्रधुनीत, फेब्रुवारीत समुद्राचं पाणी साधारण ८-९ अंशांवर येतं. बोटीचं बूड त्याच पाण्यात असल्याने केबिन रात्रभर खालून गार होत राहते. मग माणूस सगळ्या झडपा गच्च लावून बसतो, आणि तिथेच फसतो. दोघांचा श्वास, चहाची वाफ, ओले रेनकोट, या सगळ्याचं पाणी छतावर जमतं आणि पहाटे नेमकं कपाळावर टपकतं. दमट अंथरूण कितीही जाड असो, ऊब देत नाही. म्हणून एक झडप बोटभर उघडी ठेवायची आणि गादीखाली लाकडी पट्ट्या घालायच्या, म्हणजे हवा खेळती राहते.

गॅसची शेगडी शेकायला पेटवू नका. तिच्यामुळे दमटपणा तर वाढतोच, शिवाय कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळच हवा.

त्यापेक्षा आजीची रबरी पिशवी बरी! झोपण्याआधी गरम पाणी भरून पायाशी ठेवायची. सकाळी तेच कोमट पाणी तोंड धुवायला होतं.

सुकाणूवर बसताना अंगालगत सुती बनियन नको, लोकरी घाला. सुती कापड घाम धरून ठेवतं. हातमोज्यांची एक कोरडी जोडी जॅकेटच्या आत खोचलेली असू द्या. आणि जॅकेट हुडहुडी भरायच्या आधी चढवा, नंतर नव्हे.