कॅमेरा बंद पडला असं वाटलं की या चुका टाळा, मी भिगवणला सगळ्या एकाच सकाळी केल्यात

जानेवारीतली गोष्ट. पहाटे चारला पुण्यातून निघालो, उजाडता उजाडता कुंभारगावात होडीत बसलो, धुकं जरा विरलं आणि समोर उजनीच्या उथळ पाण्यात रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा, दोनेकशे तरी असतील, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याने फोकस करायचं सोडून दिलं. शटर अर्धं दाबतोय, काहीच नाही, नुसता गुलाबी धुरळा दिसतोय. होडी हलतेय, वारा सुटलाय आणि मी लेन्स काढली, शर्टाच्या टोकाने मागचे सोनेरी पॉइंट (यांतूनच लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी जोडले जातात) पुसले, आत तोंडाने फुंकर मारली, परत लावली, नाही चाललं म्हणून परत काढली, तेवढ्यात शेजारून मोटरवाली होडी गेली आणि शिंतोडे थेट उघड्या बॉडीत, म्हणजे लेन्स काढलेल्या कॅमेऱ्यात. थवा तर केव्हाच उडालेला.

घरी आल्यावर कळलं की लेन्सवरचं एएफ-एमएफचं (ऑटोफोकस की मॅन्युअल) बटण एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करायच्या बाजूला, सरकलेलं. बॅगेतून काढताना अंगठा लागला असणार. म्हणजे कॅमेरा धडधाकट होता, बिघडवला मी, दुरुस्त करता करता.

आधी बटणं बघा, लेन्सला हात नंतर

फोकस होत नसेल तर पहिलं ते एएफ-एमएफचं बटण. दुसरं फोकस लिमिटर, म्हणजे लेन्सने कुठल्या अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण. मोठ्या लेन्सवर हे असतं, ते लांबच्या रेंजवर ठेवलं की जवळच्या फुलावर बसलेल्या शिंजीरावर लेन्स फोकस करणारच नाही, कितीही दाबा. आणि लिमिटर उघडा असला तरी १५०-६०० एमएमसारख्या लेन्सला दोन-तीन मीटरच्या आत फोकस होत नाही, दोन पावलं मागे या, बस. व्ह्यूफाइंडरमधून सगळंच अंधुक पण काढलेला फोटो शार्प, असं असेल तर डोळ्याजवळची डायॉप्टरची (डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची) छोटी चकती फिरलीये, माझ्या एका मित्राने याच्यापायी डोळ्याचा नंबर तपासून घेतला होता. कार्ड लॉक झाल्याचा मेसेज आला तर एसडी कार्डाच्या कडेची ती बारकी पट्टी खाली सरकलेली असते.

एवढं करूनही एरर येत असेल तर कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, एक मिनिट थांबा, परत टाका. कॅननवर एरर ०१ दिसला तर त्याचा अर्थ बॉडी आणि लेन्समधलं बोलणं नीट होत नाहीये, तेव्हा ते सोनेरी पॉइंट पुसायचे, पण स्वच्छ कोरड्या मायक्रोफायबरने, घामट शर्टाने नाही, आणि होडीत तर नाहीच. किनाऱ्याला या, गाडीत काचा वर करून बसा, मग काढा. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे बारीक थेंब सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) वाळतात आणि मग ब्लोअरने जात नाहीत. रबरी ब्लोअर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्या, बॉडीचं तोंड खाली धरून मारा आणि त्याची नळी आत घुसवू नका, शटरची पाती कागदासारखी असतात.

सेन्सरवर डाग आहेत का हे बघायला एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. आपण पक्षीवाले कायम एफ/६.३ वगैरेवर, छिद्र मोठं ठेवून असतो त्यामुळे डाग पुसट होतात आणि महिनोन्‌महिने कळतच नाही.

लेन्स सॉफ्ट नाहीये, हवा हलतेय

लेन्स सॉफ्ट आहे, म्हणजे फोटो टोकदार येत नाहीत, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. भिगवणला दहा वाजता ऐंशी मीटरवरचे चित्रबलाक काढायचे, घरी येऊन झूम करायचं, पिसं लापशीसारखी दिसली की लेन्स खराब आलीये म्हणत दुकानदाराशी भांडायचं. अहो पाण्यावर ऊन तापलं की हवा थरथरते, तुम्ही ६०० एमएमने त्या थरथरीतून बघताय, मग लाखाची लेन्स असो की दहा लाखाची, काही फरक पडत नाही. थंडीत तर भल्या पहाटेही होतं कारण पाणी हवेपेक्षा उबदार असतं. जवळ जाता येत असेल तर जा, नाहीतर तो फोटो सोडा.

खात्री करायची असेल तर घरात भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, पाच-सहा मीटरवर ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करून टायमरवर फोटो काढा. अक्षरं टोकदार आली तर लेन्स ठीक आहे. मग शटर स्पीड बघा, उडत्या कुरवाला (सीगलला) १/५०० वर काढून लेन्सला शिव्या देण्यात अर्थ नाही, १/२००० च्या पुढे जा. आणि पुढे दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावलाय का? काढा तो.

पाणी गेलं तर

मी केलेली सगळ्यात महाग चूक ही. शिंतोडे गेल्यावर चालतोय का बघू म्हणून लगेच ऑन केला. ओल्या सर्किटमधून करंट गेला की मग खेळ खलास. ऑन करायचा नाही, आधी बॅटरी काढायची, मग कार्ड, बाहेरून पुसायचं आणि हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल टाकून दोन दिवस विसरायचं. तांदळात ठेवू नका, पिठी आत जाते. हेअर ड्रायरही नको, त्याने पाणी अजून आत ढकललं जातं. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघताना खारं पाणी उडालं तर वाट न बघता दुरुस्तीला न्या, मीठ आतून गंजवायचं थांबत नाही.

पाणी न लागताही ओल येते. गोव्यात बोंडल्याला जाताना एसी गाडीतून बाहेर पडलो आणि काचेवर आतून-बाहेरून धुकं, पंधरा-वीस मिनिटं नुसते मलबारी धनेशाचे आवाज ऐकत उभा. पोचायच्या आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर काढा, म्हणजे दव पिशवीवर जमेल. आणि पावसाळ्यात कापडी बॅगेत कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी येणारच. ड्राय कॅबिनेट ४०-५० टक्के आर्द्रतेवर ठेवा, नाहीतर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा चालतो, निळं सिलिका जेल गुलाबी झालं की गरम करून परत वापरायचं.

बाकी पटापट. दोन किलोची लेन्स लावून कॅमेरा बॉडीच्या पट्ट्याने लटकवू नका, माउंटवर (लेन्स जिथे बसते त्या कड्यावर) ताण येतो, लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडसाठीच्या कड्याला) धरा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं दार उघडू नका. फोटो उडाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर बरंच काही परत आणतं, पण वरून नवीन फोटो पडले की संपलं.

दुरुस्तीला नेलं तर पाणी गेलंय हे सरळ सांगा. मी आपोआप बंद पडला म्हणालो, काउंटरवरच्या काकांनी बॅटरीचं दार उघडलं, आतला हिरवट डाग दाखवला आणि काही बोलले नाहीत. आधी लेखी एस्टिमेट घ्या आणि तीच बॉडी सेकंडहँड कितीला मिळते ते बघा, निम्म्याच्या वर गेलं तर मी तरी दुरुस्त करणार नाही. पावतीवर सिरीयल नंबर आणि सोबत काय काय दिलंय ते एकूण एक लिहून घ्या. माझी बॉडी तीन आठवड्यांनी परत आली, व्यवस्थित चालतेय. लेन्सचं मागचं झाकण मात्र पावतीवर नव्हतं, ते अजून आलेलं नाही.