संदर्भनोंदीवरून मूळ साधनापर्यंत कसे पोहोचावे

संदर्भसूचीतील एखादी नोंद ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे संगणकीय ग्रंथतालिकेत, शोधण्यापूर्वी ती कशाची आहे, हे आधी ठरवावे. शीर्षकानंतर नियतकालिकाचे नाव, खंड, अंक व पृष्ठे आली असतील तर तो नियतकालिकातील लेख असतो; प्रकाशनस्थळ व प्रकाशक दिले असतील तर बहुधा पुस्तक; आणि दोन शीर्षकांबरोबर ‘संपा.’ असा उल्लेख असेल तर तो संपादित ग्रंथातील लेख समजावा. बहुतेकांचा शोध इथेच फसतो, कारण ओपॅकमध्ये सहसा ग्रंथांची आणि नियतकालिकांची नोंद असते, त्यांच्या आतील एकेका लेखाची नसते. म्हणून लेखाचे नव्हे, तर तो ज्यात छापला आहे त्या ग्रंथाचे किंवा नियतकालिकाचे नाव शोधावे.

समजा, नोंदीत ‘४२(३): ३१७–३३५’ असे आहे. याचा अर्थ खंड ४२, अंक ३, पृष्ठे ३१७ ते ३३५. जुने अंक बांधीव खंडांच्या स्वरूपात ठेवलेले असतात आणि अनेक नियतकालिकांत पृष्ठक्रमांक खंडभर सलग चालतात, त्यामुळे तिथे अंक क्रमांक चुकला असला तरी पृष्ठावरून लेख सापडतो. प्रत्येक अंक पृष्ठ १ पासून सुरू होत असेल तर मात्र अंक क्रमांकाशिवाय निभाव लागत नाही. नोंदीत ‘१०.’ ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, असेल तर लेख ऑनलाइन शोधणे सर्वांत सोपे. अर्थात, पूर्ण मजकूर उघडेल की नाही, हे ग्रंथालयाच्या वर्गणीवर अवलंबून असते.

पुस्तकाच्या बाबतीत आवृत्ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठेही सरकतात आणि उद्धृत केलेले वाक्य सांगितलेल्या पानावर मिळत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, २००७ पासून १३ अंकी झाला, त्यापूर्वी तो १० अंकी होता. त्यामुळे जुन्या नोंदीतील लहान क्रमांक अपुरा आहे असे समजू नये. कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातील जागा दाखवणारा क्रमांक, उतरवून घेतल्यावर शेजारची पुस्तकेही चाळावीत. त्याच विषयाची पुस्तके वर्गांकानुसार एकत्र लावलेली असल्याने शोधात न आलेले काही तिथे हमखास भेटते.

तळटीपांतील ‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या आधीच्या टीपेतील साधन. ‘पूर्वोक्त’ असेल तर त्या लेखकाचा पहिला पूर्ण उल्लेख सापडेपर्यंत मागे जावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही.

मूळ साधन प्रत्यक्ष उघडून ते पान वाचल्याखेरीज त्याचा हवाला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एकाने उतरवलेली चुकीची पृष्ठसंख्या पुढचे अनेकजण तशीच उचलतात. मूळ साधन मिळालेच नाही तर ते कोणत्या ग्रंथातून उद्धृत केले आहे, हे स्पष्ट लिहावे. तत्पूर्वी ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून साधन मागवण्याची, विनंती मात्र जरूर करावी, आणि त्या अर्जात लेखक, वर्ष, खंड व पृष्ठे यांसह संपूर्ण नोंद द्यावी.