प्रॅक्टिकलचं डिजिटल मूल्यमापन: नव्या निदेशकांसाठी अनुभवाचे बोल

वेल्डिंगच्या परीक्षेत आपल्या हातात येतो तो तयार जॉब, म्हणजे मुलाने जोडलेला तुकडा. प्लेटा नीट घासल्या होत्या का, दोन प्लेटांत गॅप किती ठेवला, करंट कितीवर लावला, हे वर्गभर मुलं एकाच वेळी काम करत असताना एकट्या निदेशकाला दिसत नाही. डिजिटल साधनांचा खरा उपयोग मला इथेच वाटतो. ऑनलाइन चाचणीमुळे पेपर तपासायचा वेळ वाचतो, ते चांगलंच. पण मुलाचं मधलं काम दिसायला लागतं, याचं मोल फार मोठं आहे.

ॲप कुठलं घ्यायचं हे नंतर बघा, आधी निकष लिहून काढा. ‘सुरक्षिततेचे नियम पाळतो’ एवढंच लिहिलं तर प्रत्येक परीक्षक आपापल्या अंदाजाने गुण देतो. ‘ग्राइंडरचं चाक बदलण्याआधी प्लग काढतो, नव्या चाकावरचा कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना ते वाचून बघतो’ असं लिहा. व्हिडिओत हे घडलं की नाही, ते कुणीही सांगू शकेल.

आता चित्रीकरण. साध्या मोबाइलवर आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, टिपायला जाऊ नका; फ्रेम पांढरी पडते आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही धोका असतो. आर्क लागण्याआधीचं घ्या: हेल्मेट, हातमोजे, प्लेटांची मांडणी, टॅक (प्लेटा जागेवर धरणारे छोटे टाके), मशीनवरचा करंटचा आकडा. मग थेट स्लॅग (वेल्डवरचा कडक थर) काढून ब्रश मारलेला बीड (वेल्डची रेघ), अगदी जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर फोटोवरून रुंदीचा काहीच अंदाज येत नाही. अंडरकट (बीडच्या कडेला पडलेली खाच) बघायचा असेल तर उजेड बाजूने, तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की ती बारीक खाच दिसेनाशी होते.

जॉब त्याच मुलाचा आहे ना? ऐन वेळी एक आकडा सांगावा आणि तो त्याने कॅमेऱ्यासमोर नंबर पंचने प्लेटच्या कडेला ठोकावा. काम झाल्यावर दोन-तीन तोंडी प्रश्न विचारून आवाज रेकॉर्ड करावा: ‘करंट वाढवला असतास तर काय झालं असतं?’ हात कसलेला पण लिहिणं जड जाणारी मुलं आपल्याकडे असतातच. त्यांचे गुण लेखणीपायी जाऊ नयेत, ही माझी कळकळ आहे.

सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या आर्कशिवाय वेल्डिंगचा सराव करून घेणारं यंत्र, हातातल्या वेल्डिंग टॉर्चचा कोन, वेग आणि आर्कची लांबी मोजून लगेच आकडे दाखवतो. एकही इलेक्ट्रोड (वेल्डिंगची कांडी) न जाळता हात बसवायला तो उत्तम. अंतिम गुण मात्र त्यावर देऊ नयेत, कारण तापून वाकणारी प्लेट तिथे सावरावी लागत नाही. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. ऑनलाइन चाचणी पहिल्या दोन पायऱ्या तपासते, सिम्युलेटर फार तर तिसरीपर्यंत नेतो. चौथीसाठी वर्कशॉपमध्येच उभं राहावं लागतं.

चित्रीकरणाआधी मुलांची संमती घ्या आणि व्हिडिओ कुणाला दिसतील, कधी पुसले जातील, तेही सांगा. सुरुवात एकाच जॉबपासून करा. त्याचे थोडे व्हिडिओ सहकाऱ्याला द्या, एकमेकांचे गुण न बघता दोघांनी तपासा. जिथे गुणांत मोठी तफावत येईल, तो निकष मुलांच्या हाती देण्याआधी पुन्हा लिहा.