माइकची खरखर आणि खारा वारा

वेंगुर्ल्यात आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. गावातल्या जत्रेत दशावतार रेकॉर्ड करायला मी फोनला कॉलर माइक लावतो. या पावसाळ्यानंतर त्यातून सतत खरखर यायला लागली. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या.

आधी तोच माइक भावाच्या फोनला लावला, तरी खरखर. म्हणजे दोष माइककडचा. पिन हळूच फिरवली की आवाज बदलायचा, तेव्हा वायरपेक्षा पिनचाच संशय आला. उजेडात धरली तर काळ्या कड्यांलगत हिरवट थर! खाऱ्या दमट हवेने पितळ असंच हिरवं पडतं.

कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक कडी पुसली. कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको, मुलामाच निघून जातो. पूर्ण वाळल्यावर जोडला आणि हार्मोनियमचा सूर स्वच्छ आला. फार बरं वाटलं.

फोनसाठी माइक घेताना पिनवर तीन काळ्या कड्या बघा. दोनवाली बहुधा कॅमेऱ्याची, ती फोनला थेट चालत नाही.

वाऱ्याची घरघर हे वेगळंच दुखणं. उघड्या रंगमंचावर माइकवरचा स्पंज पुरत नाही, माइकला केसाळ टोपीच लागते. स्पंज माइकवरून काढून धुवायचा, माइकच्या तोंडाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही.

आता माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो.