रोलर कोस्टर मोजताना काय धरावे, काय सोडावे

रोलर कोस्टरचा छंद असणारी माणसे जगभर एक आकडा जपून ठेवतात, तो म्हणजे आजवर आपण किती वेगवेगळ्या रोलर कोस्टरांत बसलो याचा. किती वेळा बसलो याच्याशी या आकड्याचा संबंध नसतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकातील नायट्रोमध्ये एका दिवसात दहा फेऱ्या मारल्या तरी वहीत नोंद एकच होते. साताऱ्यात गड मोजणाऱ्यांचीही पद्धत हीच आहे, कारण अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे फिरायला जाणारा माणूस वर्षाला तीनशे गड केल्याचे सांगत नाही. हा छंद करणाऱ्यांत अशा नोंदीला ‘क्रेडिट’ म्हणण्याची रूढी आहे; मी माझ्या वहीत साधे ‘नोंद’ लिहिते आणि येथेही तोच शब्द वापरते.

आकडा सांगणे सोपे असते, पण तो आकडा नक्की कशाचा आहे हे सांगता येणे अवघड असते. म्हणून नवी वही करणाऱ्याने पहिल्या पानावर कोस्टरांची नावे लिहू नयेत, तेथे स्वतःचे नियम लिहावेत. नियम आधी आणि मोजणी नंतर हा क्रम उलटला की माणूस आकडा वाढेल अशा बाजूने नियम वळवू लागतो, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. कोणतीही संस्था घरी येऊन वही तपासणार नाही. 1978 साली स्थापन झालेली ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ ही संघटना किंवा 1996 पासून चालू असलेला ‘रोलर कोस्टर डेटाबेस’ हा माहितीसाठा यांचा आधार जरूर घ्यावा, परंतु त्या माहितीसाठ्यात एखाद्या खेळण्याचे नाव असणे आणि ते आपल्या वहीत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला नियम अर्थातच व्याख्येचा. माझी व्याख्या अशी आहे की माणसे बसलेली गाडी रुळांनी बांधलेल्या वाटेवरून धावली पाहिजे आणि त्या धावेचा मोठा भाग उंचीतून किंवा सुरुवातीला मिळालेल्या धक्क्यातून आलेल्या वेगावर, म्हणजे गाडीत इंजिन न चालता, पार पडला पाहिजे. गाडी वर कशी चढते याला या व्याख्येत महत्त्व नाही. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी जो ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केला, त्यात गाडी वर ओढणारी साखळी मुळीच नव्हती. लोक जिन्याने मनोऱ्यावर चढत, गाडीत बसून उतरणीने पलीकडच्या टोकाला जात आणि तेथून दुसऱ्या रुळावरून परत येत. तो रोलर कोस्टर नव्हता असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने इमॅजिकातील डीप स्पेस ही गाडी साखळीऐवजी विद्युतचुंबकांच्या जोरावर सुटते, तरीही ती मोजायची, कारण एकदा वेग मिळाल्यावर पुढचे चढउतार ती त्याच वेगावर पार करते. याउलट जर्मनीतील युरोपा-पार्कमधल्या आल्पेनएक्स्प्रेससारख्या गाड्यांत मोटर गाडीतच बसवलेली असते आणि ती वाटभर गाडीला ओढत राहते. अशा गाड्यांना इंग्रजीत ‘पॉवर्ड कोस्टर’ म्हणतात, आणि त्या मोजाव्यात की नाही यावर छंदिष्टांत कायमचे दोन तट आहेत. मी त्या मोजत नाही. पण त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी एक वेगळे पान ठेवते, कारण उद्या मत बदलले तर माहिती हाताशी असावी.

हा भेद दूरदेशीचा वाटेल, पण आपल्याकडे तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो जत्रेत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आकाशपाळणा, ब्रेक डान्स, कोलंबस यांच्या शेजारी बहुतेक वेळा एक ड्रॅगन ट्रेन उभी असते. लंबवर्तुळाकार रूळ, एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार आणि पुढे रंगवलेले ड्रॅगनचे तोंड, असे तिचे रूप असते. ती रोलर कोस्टर आहे का, हे तिच्या तोंडाकडे पाहून ठरत नाही, गाडीखाली पाहून ठरते. मी तिकीट काढण्यापूर्वी कठड्याबाहेर उकिडवी बसून तिच्या दोन-तीन फेऱ्या पाहते. रुळाशेजारून विजेची पट्टी पूर्ण वाटभर गेली असेल आणि पुढच्या डब्याखालून तिला घासत जाणारा वीज घेणारा तुकडा दिसत असेल, तर मोटर गाडीत आहे. चढावर रुळांच्या मध्ये साखळी असेल किंवा फिरणारी रबरी चाके डब्याला वर ढकलत असतील आणि बाकी वाट मोकळी असेल, तर गाडी उतारावर स्वतःच्या वजनाने धावते आहे.

पट्टी दिसत नसेल तर वेगाकडे लक्ष द्यावे. वजनावर धावणारी गाडी माथ्यावर मंदावते, खळग्यात सुसाट जाते आणि पुढच्या उंचवट्यावर पुन्हा जड होते. मोटरवर चालणारी गाडी चढाला लागली तरी जवळपास तोच वेग धरून ठेवते. आवाजही सांगतो. साखळीच्या चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेले खटके दातांवरून सरकताना खट-खट-खट असा ठेका धरतात आणि माथा ओलांडताच तो आवाज एकदम थांबतो. मोटरची घरघर मात्र वाटभर सारखीच राहते. सर्वांत खात्रीची परीक्षा गाडी थांबताना होते. चालकाने बटण बंद केल्यावर गाडी जागच्या जागी दमत थांबली तर ती मोटरची. उतारावरून निघालेली गाडी बटण बंद झाल्यावरही धावत राहिली आणि तिला थांबवायला ब्रेक लागला तर ती वजनाची. माझ्याबरोबर येणारा भाचा आता ही पाहणी माझ्याआधी पूर्ण करतो आणि “मावशी, हिला पट्टी आहे, ही मागच्या पानावर” असे सांगून मोकळा होतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगते. लहान मुलांच्या कोस्टरमध्ये मोठ्या माणसाने केवळ नोंदीसाठी बसावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बसावे, लहान कोस्टरही कोस्टरच आहे. परंतु उंचीची आणि वजनाची जी मर्यादा पाटीवर लिहिली असेल ती चालकाची समजूत घालून मोडू नये, आणि रांगेत मुले ताटकळत असतील तर त्यांची जागा अडवू नये. पाटी नसेल तर चालकाला विचारावे आणि तो नाही म्हणाला तर निघावे.

दुसरा नियम ओळखीचा: एक यंत्र म्हणजे एक नोंद. आराखडा सारखा असला तरी यंत्रे वेगळी असतील तर नोंदी वेगळ्या होतात. वंडरलाच्या एकापेक्षा जास्त मनोरंजन-बागांत रिकॉइल या एकाच नावाची, पुढे जाऊन त्याच वाटेने उलटी परत येणारी गाडी आहे. प्रत्येक शहरातली रिकॉइल मी स्वतंत्र धरते. याची दुसरी बाजू अशी की यंत्राने जागा बदलली म्हणून ते नवे होत नाही. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्ममध्ये 1975 साली सुरू झालेला कॉर्कस्क्रू पुढे आयडाहोतील सिल्व्हरवुडला गेला आणि 1990 पासून तेथे चालतो आहे. दोन्ही ठिकाणी बसलेल्या माणसाची नोंद माझ्या हिशेबाने एकच.

जत्रेतल्या यंत्रांबाबत हा नियम पाळणे कठीण असते, कारण ती यंत्रे गावोगाव फिरतात आणि त्यांना नाव नसते. एका वर्षी पुसेगावात मी एका वजनावर धावणाऱ्या ड्रॅगनमध्ये बसले आणि नोंद केली. पुढच्या महिन्यात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पुन्हा एक ड्रॅगन दिसला, रंग वेगळा होता, म्हणून आनंदाने त्यातही बसले आणि दुसरी नोंद केली. उतरताना पुढच्या डब्याशी थबकले. ड्रॅगनचे डावे शिंग मधोमध मोडलेले होते आणि त्याला तांब्याच्या तारेचे सात-आठ वेढे देऊन, वर लाल ऑइलपेंट फासून जोडलेले होते. ते शिंग मी आधी पाहिले होते. पुसेगावात भाच्याने त्याच तारेला हात लावून बोट रंगवून घेतले होते. चालकाला विचारल्यावर त्याने मध्यंतरी रंग दिल्याचे सांगितले. त्याच रात्री दुसरी नोंद मी काटली. तेव्हापासून जत्रेतल्या कोस्टरसाठी मी डब्यांची संख्या, डावीकडे वळतो की उजवीकडे, आणि दुरुस्तीची एखादी तरी खूण लिहून ठेवते. रंगावर विसंबू नये.

जुळ्या रुळांचा प्रश्न याच नियमातून सुटतो. सातारा आणि वाईच्या मधल्या डोंगरात चंदन आणि वंदन हे दोन गड एका खिंडीने जोडलेले आहेत. वाट एकच धरावी लागते, तरीही माथे दोन म्हणून गड दोन धरतात. ओहायोतील सीडर पॉइंटचा 1978 चा जेमिनी असाच आहे, दोन स्वतंत्र रुळांवर दोन गाड्या शर्यत लावतात. फ्लोरिडातील मॅजिक किंगडमचा 1975 चा स्पेस माउंटन घ्या. तेथे एका घुमटात जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रूळ आहेत. दोन्ही ठिकाणी दोन्ही रुळांवर बसलेल्याने दोन नोंदी कराव्यात, एकाच रुळावर बसलेल्याने एक. पण पेनसिल्व्हेनियातील केनीवुड येथील 1927 चा रेसर वेगळा आहे. त्यातही दोन गाड्या शेजारून धावतात, मात्र डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे येऊन थांबते, कारण रूळ खरे तर एकच आहे, दुमडून स्वतःशेजारून गेलेला. त्याची नोंद एक. काही जण अशा ठिकाणीही प्रत्येक बाजू वेगळी मोजतात. मला ते पटत नाही, कारण त्यांनी मोजलेली वस्तू फलाटाची बाजू असते.

खरी कसोटी लागते ती पुनर्बांधणीत. टेक्सासमधला 1990 चा टेक्सास जायंट हा लाकडी कोस्टर 2009 मध्ये बंद झाला आणि 2011 मध्ये त्याच सांगाड्याचा मोठा भाग ठेवून, वर पोलादी रूळ टाकून, नव्या वाटवळणांसह उघडला. लाकडी रुळाचा पोलादी झाला, वाट बदलली, म्हणून मी त्याला नवा कोस्टर धरते. त्याउलट ऑर्लँडोतील इन्क्रेडिबल हल्क 2015 मध्ये बंद करून 2016 मध्ये उघडला तेव्हा रूळ नवे टाकले, पण वाट तीच राहिली. येथे ‘एक यंत्र, एक नोंद’ हा नियम काटेकोर लावला तर नवी नोंद व्हायला हवी, आणि तरीही मी ती करणार नाही, कारण जुन्या गाड्याचे पत्रे, खिळे, रूळ टप्प्याटप्प्याने बदलत गेले तरी बसणाऱ्याला तीच वाट मिळते. तुम्हाला दुसरे वाटत असेल तर तसे पहिल्या पानावर लिहा आणि मग सर्व कोस्टरांना तेच लावा. नुसते नाव, रंग किंवा बैठक बदलल्याने, अथवा तीच गाडी उलट्या तोंडाने धावल्याने, नवी नोंद होत नाही.

फेरी पूर्ण झाली पाहिजे, हा तिसरा नियम. एका बागेत माझी गाडी साखळीच्या चढावर अडकली, पंचवीस मिनिटे आम्ही आभाळाकडे तोंड करून बसलो, मग कर्मचाऱ्यांनी एकेकाला बाजूच्या अरुंद जिन्याने खाली आणले आणि तो कोस्टर त्या दिवशी पुन्हा उघडला नाही. साताऱ्याहून पहाटे चारला निघून मी त्यासाठी गेले होते. वहीत जागा कोरीच आहे, कारण मी जिना उतरले, कोस्टर नव्हे. चुंबकांनी सुटणारी गाडी कधी कधी माथा न गाठता मागे येते आणि पुन्हा सोडली जाते. दुसऱ्यांदा सुटल्यावर वाट पूर्ण झाली तर नोंद करावी, तेथेच उतरवले तर करू नये. शेवटच्या ब्रेकवर पोहोचल्यानंतर अडकलेली गाडी मात्र पूर्ण धरावी.

उरलेल्या प्रकारांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. डोंगरउतारावरचा, हातात ब्रेक असलेला अल्पाइन कोस्टर रुळांना बांधलेला असेल तर मी मोजते. नुसत्या पन्हाळीतून घसरणारी, रूळ नसलेली ढकलगाडी मोजत नाही. पाण्यात उतरणाऱ्या गाडीची वाट मुख्यतः रुळांवर असेल तर ती कोस्टर, तरंगत जात असेल तर होडी.

मोडून टाकलेले कोस्टर वहीतून काढू नयेत. गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये उघडले आणि 2022 मध्ये बंद झाले. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची पहिली नोंद शाळेच्या सहलीतली, तेथलीच आहे, आणि ती तशीच राहील. अडचण आहे ती आठवणीची. फोटो आहे पण बसल्याचे आठवत नाही, किंवा आठवते पण कोणत्या गाडीत ते सांगता येत नाही, अशा नोंदी पेन्सिलीने लिहाव्यात आणि आकड्यात धरू नयेत. बरोबर गेलेल्या भावंडांना वेगवेगळे विचारावे. दोघांनी न सुचवता तीच गाडी सांगितली तर शाई चढवावी.

प्रत्येक नोंदीच्या ओळीत अनुक्रम, तारीख, ठिकाण, कोस्टरचे नाव, कोणता रूळ, लाकडी की पोलादी, आणि कोणत्या नियमाने धरला त्या नियमाचा आकडा एवढे असावे. नियम बदलला तर पहिल्या पानावर बदलाची तारीख घालून सर्व जुन्या ओळी पुन्हा तपासाव्यात, वाढणाऱ्याही आणि घटणाऱ्याही. ओळ काटायची झाल्यास एकच आडवी रेघ मारावी, खाली अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी कारण लिहावे. माझ्या वहीत पालीच्या त्या ओळीशेजारी ‘डावे शिंग, तांब्याची तार’ असे लिहिलेले आहे.