‘प्रोड्यूसर’ हे नाव बघून मी खुश झालो, तिथेच फसलो

तुम्हाला एफएल स्टुडिओ (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) येतं, चार बीट (रॅपखाली वाजणारं संगीत) विकून झालेत, कोणीतरी रॅपर डीएममध्ये ‘भावा बीट पाठव ना’ म्हणतोय, असं धरूनच लिहितोय. बीट बनवायचा कसा ते यूट्यूबवर ढिगाने सापडेल, मी सांगतोय ते क्रेडिटमधल्या नावाचं आणि रॉयल्टीचं.

२०२१ मध्ये मी डोंबिवलीत घरीच एक बीट केला. मामाच्या गावी गोंधळात मोबाईलवर संबळ रेकॉर्ड केलेलं, ते कापून कापून ८०८ वर (ड्रम मशीनच्या जाड बेसवर) बसवलं, तीन रात्री गेल्या त्यात. रॅपरने तीन हजार जीपे केले, एका छोट्या लेबलने (गाणी काढणाऱ्या कंपनीने) गाणं काढलं, चाललं पण. डिस्क्रिप्शनमध्ये ‘बीट प्रोड्यूसर’ म्हणून माझं नाव होतं, मी घरात सगळ्यांना दाखवत फिरलो.

वर्षभराने आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी सोसायटी) बघायला गेलो तेव्हा कळलं की गाणं अपलोड करताना ‘कंपोझर’च्या रकान्यात रॅपरचं आणि मिक्सिंग करणाऱ्या सीनियर दादाचं नाव टाकलंय. माझं नाहीच.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात साउंड रेकॉर्डिंगचा प्रोड्यूसर म्हणजे रेकॉर्डिंग बनवायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, बहुतेक वेळा लेबल. बीट बनवणारा त्यात येत नाही. चाल, कॉर्ड, हुकची (गाण्यात परत परत येणाऱ्या भागाची) धून ही तुमची असेल तर तुम्ही कंपोझर आहात, आणि आयपीआरएसची रॉयल्टी त्या नावावर येते. हिप-हॉपमध्ये आपण अमेरिकेसारखं स्वतःला प्रोड्यूसर म्हणतो, म्हणा, पण कागदावर कंपोझर लिहून घ्या. ते पण आधार-पॅनवरचं नाव, स्टेजवरचं नाही.

आणि ‘फुल बायआउट (एकदाच पैसे देऊन सगळे हक्क घेतलेत) आहे, आता तुझा काही संबंध नाही’ असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला हक्क असा सोडूनच देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देता येत नाही. हक्क विकायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. व्हॉट्सअपवरचं ‘डन भावा’ म्हणजे असा सहीचा करार नव्हे.

‘आपल्यात कसला कागद’ म्हणणाऱ्या दादांपासून लांब राहा. शिकवतो म्हणून फुकट बीट मागणारा गुरू नसतो, हे माझं ठाम मत आहे. खरा शिकवणारा पहिल्या दिवशी स्प्लिट शीट (गाण्यात कोणाचा किती वाटा ते लिहिलेला कागद) पुढे करतो.

लूप पॅकचं (तयार सुरावटींच्या तुकड्यांचा संच) पण बघा, त्याचं लायसन्स वाचल्याशिवाय त्यावरचा बीट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त एकालाच, विकू नका. यंगकिओ नावाच्या डच पोराचा बीट लिल नास एक्स या अमेरिकन रॅपरने ऑनलाइन ३० डॉलरला घेतला, त्यावर ‘ओल्ड टाउन रोड’ केलं, २०१९ मध्ये ते गाणं बिलबोर्डवर (अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत) १९ आठवडे एक नंबरला राहिलं. बीटमध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा सॅम्पल (त्यांच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा) होता, त्यामुळे क्रेडिटमध्ये त्या बँडच्या दोघांची नावं आली. पण यंगकिओचं नाव पण राहिलं ना, तेवढं जपा.

तुमचं गाणं आधीच गेलं असेल तर सगळं संपलं असं नाही. प्रोजेक्ट फाइल, तारखेसकट एक्सपोर्ट, व्हॉइस नोट, जीपेचा स्क्रीनशॉट, सगळं एका ड्राइव्हवर ठेवा आणि लेबलला शांतपणे मेल करा. मी केलाय, आठ महिने झाले, दुरुस्ती अजून व्हायचीये.

पण मेल लिहितानाच माझा हात थांबला. संबळ ज्या काकांनी वाजवलं त्यांचं नाव मी तरी कुठे टाकलं होतं? तीन हजारातला एक रुपया दिला नव्हता, विचारलं पण नव्हतं. दिवाळीत गावी गेलो, कानाला हेडफोन लावून त्यांना ऐकवलं. काका आधी गप्पच बसले, मग आत जाऊन आधार कार्ड घेऊन आले, म्हणाले नाव लिहितोयस तर वडिलांच्या नावासकट लिही. नव्या स्प्लिट शीटवर तसंच लिहिलंय.