रब्बीचं पहिलं पाणी देण्याआधी इंजिनाला तासभर द्या

खंडेनवमीला पाण्याच्या डिझेल इंजिनाला हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की थेट हँडल मारायचं, असं बऱ्याच शेतांवर चालतं. पण पावसाळाभर बंद असलेलं इंजिन एकदम सुरू करू नका. आधी सकाळी तासभर त्याच्याजवळ बसा.

सायलेन्सर आणि एअर क्लीनरमध्ये उंदरांनी चिंध्या भरलेल्या असतात, कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली असतात. हात घालण्याआधी काठीने चाचपा, विंचू किंवा साप असू शकतो. ऑइलचा एअर क्लीनर असेल तर वाटी धुऊन नवं ऑइल भरा, पण खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइलच आत ओढतं आणि त्याच्यावर पळत सुटतं. मग डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही. अशा वेळी हवा आत जाण्याचं तोंड जाड फळीने दाबून बंद करावं लागतं. तिथे तळहात कधीच लावू नका. जवळ जाणं धोक्याचं वाटलं तर सगळ्यांना घेऊन लांब व्हा.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. तसंच चालवलं तर बेअरिंग जातील. टाकीच्या तळाला साचलेलं पाणीही खालच्या बुचातून सोडून द्या. मग डिझेल बंद ठेवून, डीकॉम्प्रेशन लिव्हर (आतला दाब सोडणारा दांडा) उचलून हँडलने दोन-चार फेरे सावकाश फिरवा. चाक अडलं तर हँडलला पाईप लावून जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, गळ्यातला गमछा आधीच खोचून किंवा काढून ठेवा. पट्टा माणसाला सावरायला वेळ देत नाही.

एवढं करून इंजिन लागलं नाही, तर आधी संशय हवेचा घ्या. टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा अडकते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की घट्ट करा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडच्या (नोझल म्हणजे इंजिनात डिझेलची फवार मारणारा भाग) पाईपचा नट थोडा सैल करून हँडल फिरवा आणि डिझेल आलं की आवळा. आता हँडल फिरवताना नोझलचा करकर आवाज यायला हवा.

या पाईपशी मात्र खेळ नको. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो, नोझलमध्ये डिझेलचा दाब 200 बारच्या आसपास जातो. ती बारीक फवार कातडीतून सरळ आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत मांस सडायला लागतं आणि बोट कापायची वेळ येते. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. चुकून फवार लागलीच, तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. गार इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळाने जातो, तो गेला नाही तर नोझल दाखवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंप साधारण 6-7 मीटरपेक्षा खालचं पाणी ओढत नाही, म्हणून पाणी खाली गेलं की लोक इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. कृपा करून असं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत इथे फसवते, कारण माणूस मारण्याइतका हा वायू असला तरी कंदील जळत राहतो. ओला रुमाल नाकाला बांधूनही तो अडत नाही. धुराला लांब पाईप जोडला तरी सांधे गळतात. काठावरच्या इंजिनाचा धूरसुद्धा विहिरीच्या तोंडाकडे येता कामा नये. पाणी खोल गेलं असेल तर सबमर्सिबलचाच विचार करा.

आणि विहिरीत कुणी कोसळलं, तर मागोमाग उतरू नका, भाऊ असो की मुलगा. अशा विहिरीत एकापाठोपाठ तिघे-चौघे जातात ते याच मायेपोटी. चालू इंजिन वरून बंद करता येत असेल तर करा, 101 आणि 108 ला फोन लावा. त्या माणसाच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असेल, तर वरूनच ओढून घ्या.